शुक्रवारी आलेला अल्सीद

१

अल्सीद दुफ्रेनचं हृदय बुधवारी थांबलं, आणि शुक्रवारी सकाळी तो मिस एलमीरच्या ऑफिसात बसून कॉफी प्यायला.

दोन्ही गोष्टींना पुरावा होता. पहिलीचा पुरावा म्हणजे त्याच्या छातीत बसवलेला पेसमेकर. पुढच्या आठवड्यात कालव्यातून प्रेत काढल्यावर डॉक्टरांनी तो तपासला, तर शेवटचा ठोका बुधवारी दुपारी पडलेला. दुसरीचा पुरावा म्हणजे मिस एलमीर ओतेमाँची शपथ. शुक्रवारी सकाळी अल्सीद आपल्या पायांनी आला, आपल्या हाताने सही केली, आणि स्वतःचा ट्रक आमच्या चॅपेलला दान करून गेला, असं तिने शिक्का मारून लिहून दिलं होतं.

आमचं गाव बायू कानार; बायू म्हणजे संथ पाण्याची खाडी. इथे गाडी विकायची, नावावर करायची, नवी नंबर प्लेट घ्यायची म्हटलं की मिस एलमीरची पायरी चढावी लागे. सरकारी कचेरी लांब शहरात. म्हणून सरकारने असल्या कामांचा परवाना खासगी माणसांना दिलेला. पण परवाना नुसता मिळत नाही. या बाईने खोटा कागद केला तर नुकसान आम्ही भरू, असं एखाद्या जामीनदार कंपनीने लिहून द्यावं लागतं. त्याला बाँड म्हणतात. नुकसान भरल्यावर ती कंपनी एजंटाचं घरदार विकून वसुली करते ती गोष्ट वेगळी. आणि एकदा बाँड गेला की पुन्हा कोणी तुमच्यासाठी उभं राहत नाही.

अल्सीदची मुलगी कोरीन हिने त्या बाँडवर दावा ठोकला होता. मेलेल्या माणसाची सही खरी म्हणून शिक्का मारणारी बाई एक तर लबाड, नाहीतर वेडी, असं तिचं म्हणणं. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या माणसांचं मत लबाडीकडे झुकत होतं. गावाचं मत तिसरंच होतं. गाव म्हणे, अल्सीद आलाच होता.

जामीनदार कंपनीने चौकशीला पाठवलं वर्निस मेतोयरला. पन्नाशीची, सावळी, ठेंगणी बाई. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. ती आली त्या दिवशी बायूवर धुकं उतरलं होतं, आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर तीन बाया टोप्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"गाडीचं काम आहे का तुमचं?" वर्निसने विचारलं.

"नाही हो," त्यातली एक म्हणाली. "माझा मुलगा वादळात गेला. मिस एलमीरकडे कधी आला तर... म्हणून बसलोय."

वर्निस आत गेली. एलमीर टेबलामागे ताठ बसली होती. सत्तरीची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. वर्निसने नाव सांगितलं. एलमीरने मान उचलली आणि थेट तिच्या उजव्या खांद्याच्या पलीकडे बघितलं, जणू तिथे आणखी कोणी उभं होतं.

वर्निसने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"बसा ना," एलमीर त्या मोकळ्या जागेकडे बघतच म्हणाली. "मला माहितीये तुम्ही कशाला आलात. मी एकदा सांगितलंय, शंभरदा सांगेन. तो आला होता."

"कसा आला ते मला सांगा."

"नेहमीसारखा. पिवळा रेनकोट, टोपी, पांढरे गमबूट. दारातून वास आला, कोळंबीचा आणि डिझेलचा. मग त्याने ते यंत्र गळ्याला लावलं. ठाऊक आहे ना? गळ्याच्या कॅन्सरमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं होतं. तेव्हापासून त्या यंत्रानेच बोलायचा. मधमाशी डब्यात अडकल्यासारखा आवाज. नेहमीसारखा नमस्कार केला, 'बोंझू, मिस एलमीर. ट्रक चॅपेलला द्यायचाय.' मी म्हटलं, 'काय रे, स्वर्गाचं तिकीट काढतोस का?' हसला नाही."

"मग?"

"लायसन्स दिलं. मी कागद केला. मशीनवर कॉफी तयार होती, दिली. वाफाळलेली होती. फुंकून फुंकून प्यायला बिचारा. सही केली. जाताना मी हात हातात घेतला." एलमीरचा आवाज खाली आला. "आणि बाई, मी चाळीस वर्षं लोकांचे हात हातात घेतेय. तो हात बर्फासारखा होता."

२

चॅपेलच्या अंगणात तो ट्रक उभा होता. निळा, दारावर गंज चढलेला. त्याच्या बॉनेटवर कुणीतरी मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या.

"रोज काढतो, रोज लावतात," फादर तुआन म्हणाले. त्यांचे आईवडील व्हिएतनामहून होडीने आलेले, बापाने इथेच कोळंबीची बोट चालवली. "मी म्हटलं, अरे हा ट्रक आहे, संत नाही. ऐकतंय कोण? आणि चालवायला म्हणाल तर एक माणूस बसायला तयार नाही. मागच्या आठवड्यात भोपळे आणायचे होते, शेवटी मीच गेलो. वाटेत लोक मला बघून छातीवर क्रूसाची खूण करत होते."

"तुम्हाला याचा फायदा काय झाला, फादर?"

"भोपळे," फादर म्हणाले. मग त्यांना स्वतःच्याच विनोदाची लाज वाटली. "खरं सांगू? काहीच नाही. इंजिन मरायला टेकलंय. चाव्या शुक्रवारी दाराच्या फटीतून टाकलेल्या मिळाल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. माझ्याशी बोलायला तरी यायचं होतं त्याने. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचा."

"चॅपेलला काही द्यायचंय असं कधी म्हणाला होता?"

"अल्सीद? तो दानपेटीत सुद्धा बटणं टाकायचा असं लोक म्हणत."

वर्निस ट्रकभोवती हळूहळू फिरली. या सगळ्यात तिला एकच गोष्ट डाचत होती. खोटी सही होते ती कुणाच्या तरी फायद्यासाठी. इथे विकत घेणारा नव्हता, विकणारा नव्हता. भंगारात जाईल असा ट्रक, आणि तो मिळाला देवाला.

"त्या आठवड्यात गावात वेगळं काही घडलं का?"

फादर विचार करून म्हणाले, "बर्फाची बोंब झाली होती. अल्सीद आणि लाझार पित्र दोघांचा मिळून धक्क्यावर बर्फाचा कारखाना आहे. बुधवारी दुपारपासून लाझारने दाराला कुलूप लावलं. मशीन बिघडलं म्हणाला. बोटवाले संतापले, बर्फासाठी पार पलीकडच्या बायूला जावं लागलं. एक म्हातारा तर म्हणाला, बिघडलंय तर आतून घरघर कशी ऐकू येते?" त्यांनी खांदे उडवले. "शनिवारी लाझारच्या भाच्याने उघडलं. तोवर लाझार समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला होता. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे असं असतं त्याचं. आता घरीच आहे. त्याची बायको रीबा म्हणजे मिस एलमीरची भाची. ऑफिसात मदतीला असते."

"शुक्रवारी ऑफिसात नव्हती?"

"तिला विचारा." फादरांनी मेणबत्ती विझवली. "गुरुवारचंही विचारा. ती कुणाला सांगत नाही. पण गुरुवारपासून ती धक्क्यावर जायला घाबरते."

३

रीबा पित्र स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. तिशीची, डोळ्यांखाली काळं. लाझार मागच्या दारात उभा राहून जाळ्याला गाठी मारत होता. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा.

"या, या. बाँडवाल्या बाई ना तुम्ही? आमच्या म्हातारीला वाचवा बुवा," तो म्हणाला. "डोकं जरा हललंय तिचं. पण लबाड नाही ती."

"मावशीचं डोकं ठिकाणावर आहे," रीबा चाकू न थांबवता म्हणाली.

"अल्सीदशी तुमचं कसं होतं?" वर्निसने लाझारला विचारलं.

"भांडायचो. सगळं गाव सांगेल, मग मीच सांगतो. ती गॅसवाली कंपनी धक्क्याची जागा मागतेय. मी म्हणत होतो देऊन टाकू, तो म्हणत होता मेलो तरी देणार नाही. घ्या, मेला." त्याने गाठ आवळली. "पण शेरीफने माझं सगळं तपासलंय. शुक्रवारी दुपारी मी हेलिकॉप्टरमध्ये बसलो. तो त्या दिवशी सकाळी जिवंत होता, मिस एलमीरने बघितला. त्यानंतर दोन आठवडे माझ्या चारी बाजूंना समुद्र. मी काय पोहत येऊन मारणार होतो?"

"पण पेसमेकर बुधवार सांगतो."

"मशीनचं काय घेऊन बसलात! आमच्या बर्फाच्या मशीनचं घड्याळ अजून उन्हाळ्याच्या वेळेवर, एक तास पुढे चालतं." तो हसला, जाळं उचललं आणि अंगणात गेला.

वर्निस रीबासमोर बसली. "शुक्रवारी तुम्ही कुठे होता?"

"शहरात. ह्यांचे कामावरचे बूट तिथल्या दुकानात दुरुस्तीला होते. म्हणाले, आजच आणून दे. मी पोचले तर दुकानदार म्हणाला, कसले बूट?" तिने भेंडी बाजूला सारली. "विसरले असतील, म्हटलं."

"आणि गुरुवारी?"

चाकू थांबला. रीबाने मागच्या दाराकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं, धुक्यात जाळी लटकलेली दिसत होती.

"हसणार नाही ना?"

"नाही."

"गुरुवारी दुपारी मी धक्क्यामागे कपडे वाळत घालत होते. कारखान्याला बाहेरून कुलूप. आणि आतून आवाज आला. अल्सीदचा. ते यंत्र. मी भिंतीला कान लावला. तो एकच वाक्य बोलत होता. थांबायचा, पुन्हा बोलायचा. कधी लवकर, कधी हळू. पुन्हा तेच, पुन्हा तेच."

"कोणतं वाक्य?"

रीबाने चाकू बाजूला ठेवला आणि आवाज खाली केला.

"'मी अल्सीद दुफ्रेन. मी अल्सीद दुफ्रेन. मी अल्सीद दुफ्रेन.'"

४

कोरीन दुफ्रेन दफनभूमीत भेटली. आमच्याकडे जमीन पाणथळ, म्हणून कबरी जमिनीवर बांधतात, पांढऱ्या चुन्याच्या. बापाला जिथे ठेवलं त्या घराण्याच्या जुन्या कबरीवरचं शेवाळ कोरीन ब्रशने घासत होती. टेक्सासात परिचारिका होती ती. दोन नोकऱ्या सांभाळून आलेली, चेहऱ्यावर जागरण दिसत होतं.

"त्या म्हातारीची बाजू घ्यायला आलात ना?" ती म्हणाली.

"बाजू ठरवायला आलेय."

"मला तो ट्रक नकोय. खटारा आहे तो. पण माझा बाप बुधवारी मेला आणि एक बाई शपथेवर सांगते की तो शुक्रवारी कॉफी पीत होता. आता गाव म्हणतं त्याचं भूत फिरतंय. लोक मला विचारतात, तुला दिसला का? माझ्या बापाचं हे करून ठेवलंय त्यांनी." ती जोरजोरात घासू लागली. "त्याचा आवाज सुद्धा नाही मिळाला आम्हाला."

"आवाज?"

"ते यंत्र. गळ्यात दोरीने अडकवलेलं असायचं, झोपेत सुद्धा. प्रेतावर नव्हतं. कालव्यात गेलं असेल म्हणाले. दोरीसकट?"

"पेसमेकरचं गावात कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. माझ्याकडे आला होता तेव्हा बसवला. गावात सांगू नको म्हणाला, आधीच लोक मला मशीन म्हणतात."

वर्निस तिच्या शेजारी टेकली. मग कोरीनच सांगू लागली, स्वतःशी बोलल्यासारखी. "ऑपरेशननंतर त्याचा श्वास गळ्याच्या भोकातून चालायचा. नाक-तोंडाशी संबंधच संपला. वास येईनासा झाला. शिट्टी वाजवायचा तो, फार सुंदर, ती गेली. माझ्या वाढदिवसाला मला म्हणायचा, माझ्याही वाट्याची मेणबत्ती तूच विझव. तोंडाने फुंकरच मारता यायची नाही ना. आणि पाण्याला तर इतका घाबरायचा! गुडघाभर पाण्यात पडला तरी गळ्यातून थेट फुप्फुसात. बोटीवर सुद्धा मधोमध बसायचा."

वर्निस एकदम उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही," वर्निस म्हणाली. तिला वाफाळलेली कॉफी आठवली होती.

पाऊस भुरभुरू लागला. चॅपेलच्या दारात फादरांचा लांब काळा रेनकोट आणि रुंद काठाची टोपी टांगलेली होती. वर्निसने विचारून दोन्ही घेतलं आणि चालत ऑफिसकडे गेली. पायऱ्यांवर आज कोणी नव्हतं. तिने दार ढकललं. एलमीर टेबलामागे होती. बाहेर दिवसाचा उजेड होता, आत दिवाही चालू होता. दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंतर.

एलमीरने मान उचलली, वर्निसच्या खांद्यापलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"या, फादर!" ती म्हणाली. "कोट झटका आधी. तुमच्यामुळे माझी फरशी नेहमी ओली होते."

वर्निसने कोट झटकला. आणि पाय न वाजवता तशीच मागच्या मागे बाहेर पडली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. शेरीफचा माणूस फॉशो दाराशी उभा राहिला. फादर, कोरीन, रीबा, लाझार भिंतीलगतच्या बाकावर. एलमीर आपल्या जागी. वर्निस मात्र दिसत नव्हती.

"बोलावलं आणि स्वतःच गायब," लाझार म्हणाला. "कंपनीची माणसं."

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. पिवळा रेनकोट, डोळ्यांवर ओढलेली टोपी, पांढरे गमबूट. ती आकृती टेबलासमोर येऊन उभी राहिली, एक हात गळ्याशी गेला, आणि खोलीत ती घरघर भरली.

"बोंझू, मिस एलमीर. ट्रकचं काम झालं का?"

रीबा किंचाळली. फादरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कोरीनला आधी सांगून तिची परवानगी घेतली होती, तरी तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एलमीर उभी राहिली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बघा!" ती ओरडली. "बघा, आता तुम्हीच बघा सगळे! आला की नाही? अल्सीद, सांग रे यांना!"

आकृतीने टोपी काढली. खाली वर्निसचा चेहरा होता. ठेंगणी, सावळी बाई, अल्सीदशी कशातच साम्य नसलेली. तिने गळ्याचं यंत्र खाली घेतलं.

"माफ करा, मिस एलमीर," ती आपल्या हळू आवाजात म्हणाली. "मी वर्निस. हे यंत्र मी आज सकाळी शहरातल्या औषधाच्या दुकानातून आणलं. कुणीही ओठ हलवले तरी आवाज हाच येतो."

एलमीर हळूहळू खाली बसली. बराच वेळ ती टेबलाची कड चाचपत राहिली.

"मधलंच जातं," शेवटी ती म्हणाली. "कडेचं दिसतं. दार दिसतं, कोट दिसतो, टोपी दिसते. ज्याच्याकडे बघते त्याचा चेहराच नेमका पुसला जातो. म्हणून बाजूला बघते, तर थोडं हाती लागतं. परवाना जाईल म्हणून सांगितलं नाही."

"गावाला वाटलं तुम्ही लोकांच्या मागे उभी असलेली भुतं बघता."

"वाटू दिलं," एलमीर म्हणाली.

फॉशो पुढे आला. "म्हणजे कुणीतरी अल्सीदचा कोट घालून आला. पण कशाला? त्या खटाऱ्यासाठी?"

"मीही इथेच अडकले होते," वर्निस म्हणाली. "ट्रक कुणाला मिळाला हेच विचारत बसले. ट्रकचं निमित्त होतं. त्या माणसाला फक्त एक गोष्ट हवी होती. शुक्रवारी सकाळी अल्सीद जिवंत होता, असं कुणीतरी शपथेवर लिहून द्यावं. विकला असता तर गिऱ्हाईकाने बघितलं असतं. दानाला कुणीच यायला नको. वर लोक म्हणणार, बिचाऱ्याने जायच्या आधी सगळं आवरून ठेवलं."

"पण तो अल्सीद नव्हता कशावरून? पेसमेकर चुकला असेल तर?" लाझारने विचारलं.

"तो कॉफी फुंकून प्यायला. अल्सीदला फुंकर मारता येत नव्हती."

कोरीनने मान वर केली. एलमीरचा हात तोंडाकडे गेला. "अरे देवा. मी स्वतःच सांगितलं तुम्हाला."

"आणि गुरुवारी कुलूप लावलेल्या कारखान्यात कुणीतरी त्या यंत्राने बोलत होतं. स्वतःचं नाव कोणी घोकत नाही. दुसऱ्याचं घोकतं. ओठ हलवायचे पण घशातून आवाज काढायचा नाही, हे जमायला सराव लागतो." वर्निसने रेनकोट काढून घडी केली. "कारखाना बंद, पण मशीन चालू. आत बर्फात जे ठेवलं होतं ते ताजं राहावं म्हणून. शुक्रवारी उजाडताना ते कालव्यात सोडलं. पुढे जेव्हा केव्हा सापडेल, तेव्हा डॉक्टरला वाटावं की अलीकडचंच आहे. त्याच थंड हाताने तो माणूस इथे सही करायला आला."

फॉशो पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

"कारखान्याची किल्ली लाझारकडे होती हे खरं," वर्निस पुढे म्हणाली. "पण भाच्याकडेही होती, अल्सीदच्या खिशातही होती. मला एवढंच शोधायचं होतं की इथे यायची हिंमत कोणाला झाली? चाळीस वर्षं ओळखणाऱ्या बाईसमोर, भर दिवसा, चार पावलांवर? सगळं गाव समजत होतं की मिस एलमीरला जरा जास्तच दिसतं. तिला दिसत नाही, हे कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही," एलमीर म्हणाली. "फक्त रीबाला. तीच मला डॉक्टरकडे नेते. शपथ घातली होती मी तिला."

सगळ्यांचे डोळे रीबाकडे वळले. रीबा मात्र नवऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"कसले बूट, म्हणाला तो दुकानदार," ती पुटपुटली. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "मावशी, मी शपथ मोडली होती. एकाच माणसाला सांगितलं होतं मी."

६

लाझार पळाला नाही. फॉशोने खांद्यावर हात ठेवल्यावर तो बाकावरच बसून राहिला, आणि बोलला तेही रीबाशी.

"मी नुसता ढकलला गं. धक्क्यावरून. गुडघाभर पाणी होतं. मला वाटलं उठेल, शिव्या देईल. तो उठलाच नाही. हात वर करून माझ्याकडे बघत होता, आणि त्याला हाकही मारता येत नव्हती."

"मग हात का नाही दिलास?" कोरीनने विचारलं.

भांडण सगळ्या गावाने ऐकलं होतं, कोणी विश्वास ठेवला नसता, वगैरे तो नंतर फॉशोला सांगत राहिला. पण कोरीनच्या प्रश्नाला त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, आणि पुढे कोर्टातही नाही. ते यंत्र बर्फाच्या टाकीखाली, दोरीसकट सापडलं.

वर्निस निघायच्या आधी एलमीरकडे गेली. भूत गेलं होतं, लबाडीचा ठपकाही गेला होता. पण जे उरलं होतं ते बोलणं अवघड होतं.

"मिस एलमीर, मला अहवालात लिहावं लागेल..."

"की मी न बघता शिक्का मारला." एलमीरने वाक्य पुरं केलं. "लिहा. खरंच आहे ते. मी नीट बघितलं असतं तर लाझार त्याच दिवशी सापडला असता. आणि मी डोळ्यांचं कबूल केलं असतं तर तो इकडे फिरकलाच नसता."

"कंपनी बाँड काढून घेईल."

"घेऊ दे. लोकांनी माझ्यावर भरवसा टाकला तो माझ्या डोळ्यांवर. डोळे नाहीत तर मी कशाच्या जिवावर बसू?"

तिने त्याच आठवड्यात परवाना परत केला. कोरीनने ट्रकवरचा हक्क सोडला. फादरांनी तो रंगवून घेतला, आणि पुढच्या सणाला त्यात बसायला पोरांची रांग लागली. पायऱ्यांवर बसणाऱ्या बायांना मात्र एलमीरने एकेकीला घरात बोलावलं, कॉफी दिली, आणि आपल्याला काहीच दिसत नव्हतं हे स्वतः सांगितलं. त्यातल्या दोघी रडल्या. एक रागावून गेली ती पुन्हा तिच्याशी बोलली नाही.

वसंतात रीबाचा अर्ज वर्निसच्या टेबलावर आला. तिने परीक्षा दिली होती, पास झाली होती. मावशीचं ऑफिस स्वतःच्या नावावर उघडायचं होतं. नवरा तुरुंगात, घर गहाण, आणि आडनाव तर सगळ्या वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं. कंपनीचे साहेब म्हणाले, "त्याच ऑफिसात, खुन्याच्या बायकोसाठी आपण जामीन राहायचं? हिच्यामागे स्वतःचं घर लावून उभा राहील असा कोणी आहे का? असला तर विचार करू."

वर्निसने रीबाला फोन केला. रीबा म्हणाली, "माझ्यामागे कोण उभं राहणार, बाई? राहू दे."

वर्निसने फाइल बंद करून ठेवली. परत पाठवायचं मात्र तिच्या मनाला येईना. दोन-तीन आठवड्यांनी टेक्सासहून एक पाकीट आलं. आत हमीदाराचा कागद, रीतसर भरलेला. रीबा पित्रने काही चूक केली तर भरपाईला माझं घर बांधील, असं लिहून खाली सही केलेली. कोरीन दुफ्रेन.

वर्निसने तिला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कोरीनने उचलला, मागे हॉस्पिटलचा गलका होता.

"तुम्ही काय सही केलीय ते वाचलंत ना?" वर्निसने विचारलं. "ती चुकली तर तुमचं घर जाईल."

"वाचलंय."

"तुम्हाला कोणी गळ घातली?"

"नाही. फादरांनी फोनवर सहज सांगितलं, तिला कोणी जामीन मिळेना म्हणून." कोरीन थांबली. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, तिने "आले" म्हटलं. "त्या दिवशी ती गप्प बसली असती ना, तर कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. तिचा नवरा होता तो. तरी बोलली. आणखी काय बघू मी तिचं?"

"बरं," वर्निस म्हणाली.

"लवकर करा जरा," कोरीन म्हणाली. "बोटींचा हंगाम सुरू होतोय. लोकांना बोटी ओढायच्या ट्रेलरच्या नंबर प्लेट लागतील." आणि तिने फोन ठेवला.